सगळ्या आळ्यांची पोरं

तंजावर जिल्ह्यातल्या खेड्यात सरकारी प्राथमिक शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मुलांनी काय नाचावं, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. मला तो तसा वाटत नाही. कोण नाचणार, कुणाच्या वाजवण्यावर नाचणार, शिकवणाऱ्याला खुर्ची मिळणार की तो मांडवाच्या कडेला उभा राहणार, एवढ्यावरून त्या गावातली कुठली आळी कुठे उभी आहे ते कळतं. मी तिथल्या शाळांमध्ये स्वयंसेवक म्हणून बरीच वर्षं गेले. मुलांना वाचन आणि गणित शिकवायला जात होते. स्वतः शिकले ते मात्र बहुतेक या नाचांच्या तालमींत.

माझं माहेर कोल्हापूरकडचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे तंजावरला गेले तेव्हा तंजावर म्हणजे सरफोजी राजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख, एवढंच डोक्यात होतं. आणि नाच म्हणजे भरतनाट्यम. त्यात चुकीचं काही नव्हतं. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ दुसऱ्या सरफोजीच्या दरबारात होते. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा जो क्रम आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात दिसतो, तो बसवण्याचं श्रेय त्यांना देतात. पण शहरापासून बसने तासाभराच्या अंतरावर, वेण्णार नदीच्या काठच्या ज्या गावात मी जायला लागले, तिथे भरतनाट्यम शिकलेलं एकही मूल नव्हतं. नाच मात्र होते. मारियम्मन देवीच्या जत्रेत डोक्यावर कलश तोलत नाचायचा करगाट्टम, पायात घुंगरू बांधून हातातले रुमाल उडवत रांगेने नाचायचा ओयिलाट्टम, टिपऱ्यांचा कोलाट्टम, बायकांची कुम्मी. लाकडी पायांवर उभं राहून कमरेभोवती घोड्याचा सांगाडा बांधून नाचायचा पोयक्काल कुदिरै तर मराठ्यांच्या काळात इथे रुजला, असं तंजावरात सांगतात. हे सगळं गावात होतं, शाळेत नव्हतं. शाळेच्या वार्षिक दिनाला वाजायची ती सिनेमाची गाणी.

सिनेमाच्या गाण्यांवर माझा राग नाही. मुलं त्यांवर मनापासून नाचतात. त्रास होता तो खर्चाचा. तालुक्याहून डान्स मास्तर यायचा, आठवडाभरात चार नाच बसवायचा आणि जाताना कपड्यांच्या दुकानाचा पत्ता देऊन जायचा. चमकीचे कपडे भाड्याने. ज्यांच्या आया भाताच्या लावणीला नाही तर रोजगार हमीच्या ‘शंभर दिवसांच्या कामा’वर जात, त्यांनी ते भाडं आणायचं कुठून? म्हणून पुढच्या रांगेत दरवर्षी ठरावीक घरांतलीच मुलं दिसत. बाकीची मांडवात खाली बसून टाळ्या वाजवत. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणी त्यावर बोलतही नसे.

बदल सुरू झाला तो शाळा बंद पडल्यावर. मार्च 2020 ला कोरोनामुळे कुलूप लागलं. तमिळनाडूत पहिली ते आठवीचे वर्ग उघडले ते थेट 1 नोव्हेंबर 2021 ला. तोवर दुसरीतलं मूल चौथीत गेलं होतं आणि अक्षरं विसरलं होतं. त्याच सुमारास राज्य सरकारने ‘इल्लम तेडी कल्वी’ ही योजना आणली. गावातल्याच शिकलेल्या माणसांनी संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान तास-दीड तास वीसेक मुलांना शिकवायचं, महिन्याला हजार रुपये मिळणार. सुरुवातीला ही योजना सहा महिन्यांपुरती होती, पुढे मुदत वाढत गेली. आमच्या भागात पुढे आल्या त्या जवळपास सगळ्या बायका. बारावी झालेल्या, पदवी घेऊन घरी बसलेल्या, कडेवर मूल असलेल्या सुना. मी त्यांच्याबरोबर शब्दपट्ट्या करायचे, गोष्टी वाचायचे. वर्ग कधी देवळाच्या ओट्यावर भरायचा, कधी कुणाच्या पडवीत.

योजनेची माहिती द्यायला कलापथकं गावोगाव फिरली होती. गाणी म्हणत, वाद्यं वाजवत, चौकात छोटं नाटक करत. ते बघताना एका स्वयंसेविकेच्या सासूबाई मला म्हणाल्या, ‘आमच्या वेळी असंच आले होते.’ त्यांचं माहेर शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात. 1991 च्या सुमारास तिथे ‘अरिवोळी’ नावाची साक्षरता मोहीम झाली. हजारो बायका त्या काळात अक्षर शिकल्या आणि सायकलही शिकल्या. या पाट्टी त्यांतल्याच एक. पाट्टी म्हणजे आजी, सारं गाव त्यांना तसंच हाक मारायचं. सही करायला आणि सायकल चालवायला एकाच उन्हाळ्यात शिकले, असं त्या अभिमानाने सांगत. त्यांना कुम्मीची गाणी येत होती. किती येत होती याचा हिशेब त्यांनाही नव्हता. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू व्हायचं.

कुम्मीला वाद्य लागत नाही. आपला झिम्मा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे साधारण कल्पना येईल. बायका गोल करून फिरतात, वाकतात, वळतात, टाळ्या वाजवतात, गाणंही त्यांचंच. ऐकायला सोपं आहे. शाळेतल्या पोंगल सणाच्या कार्यक्रमासाठी मुलांकडून करून घ्यायला लागलो तेव्हा त्यांचा गोल दोन मिनिटांत बटाट्याच्या आकाराचा व्हायचा. पाट्टी आकडे मोजत नसत. ‘पायाकडे बघू नका, शेजारणीच्या हाताकडे बघा,’ एवढंच सांगायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. गोल टिकेना तेव्हा त्यांनीच तोडगा काढला. दर दोन मुलांमध्ये एक मोठी बाई उभी करायची. मोठीचं पाऊल ठरलेलं असतं, मुलं त्याला धरून राहतात. स्वयंसेविका गोलात शिरल्या त्या अशा, गोल मोडू नये म्हणून. आपण कार्यक्रमात नाचणार आहोत हे तेव्हा त्यांच्या मनातही नव्हतं.

तालमी रात्री सातनंतर व्हायच्या, वर्ग सुटल्यावर, शाळेच्या पटांगणात एका ट्यूबलाइटखाली. डास खूप. सांबा भाताची कापणी तोंडावर आलेली, म्हणजे घरात प्रत्येकीला दुप्पट काम. तरी त्या यायच्या. आल्या आल्या दहा मिनिटं नुसत्या बसून राहायच्या. एकीने मला सांगितलं, ‘आक्का, दिवसभरात माझं नाव घेऊन मला कुणी हाक मारत नाही. इथे पोरं मारतात.’ मी हे वाक्य त्या रात्री वहीत लिहून ठेवलं.

मग घरच्यांचे आक्षेप सुरू झाले. मुलं नाचली तर ठीक, सुनांनी स्टेजवर कशाला? आक्षेप निव्वळ जुनाट नव्हता, त्यामागे गावाचा अनुभव होता. त्या भागात स्टेजवरचा नाच म्हटला की लोकांना रात्रीचे कार्यक्रम आठवतात. करगाट्टम हा मारियम्मनच्या पूजेतून आलेला नाच, पण बऱ्याच ठिकाणी त्याच्या नावावर द्व्यर्थी संवादांचा धिंगाणा चालतो. ज्या कलावंतिणी वर्षानुवर्षं डोक्यावरचा कलश न सांडता नाचल्या, त्यांनाच त्याची बदनामी सोसावी लागते. एका नवऱ्याने शाळेत येऊन मुख्याध्यापिका बाईंना स्पष्ट सांगितलं, माझी बायको स्टेजवर चढणार नाही.

बाई हुशार. म्हणाल्या, नको चढू दे, कुम्मी खालीच करू. पटांगणाच्या मधोमध गोल, भोवती लोक. कुम्मी मुळात अंगणातलाच नाच आहे. स्टेजवर चढवली की गोलाची एक बाजू लोकांकडे पाठ करून उभी राहते आणि सगळा डौल जातो. खाली आणल्यावर कुणाला तक्रारीला जागा उरली नाही आणि नाचही आपल्या जागी आला. पोंगलच्या त्या कार्यक्रमात मधल्या चुलीवर पोंगलचा भात उतू गेला, मुलांनी आरोळी ठोकली आणि कुम्मी सुरू झाली. तिसऱ्या गाण्याला प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्या बायका उठून गोलात आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. स्टेजवर नाही म्हणणारा तो नवरा कडेला उभा राहून मोबाइलवर चित्रण करत होता.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पुढचं सांगायला जड जातं, पण सांगायचं खरं तेच आहे.

पुढच्या वर्षी वार्षिक दिनाला परै घ्यायचं ठरलं. परै म्हणजे लाकडाच्या गोल चौकटीवर चामडं ताणून चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेलं उथळ वाद्य. ते खांद्याला अडकवतात. एका हातात आखूड जाड काठी, दुसऱ्या हातात लांब बारीक काठी. वाजवणारे वाजवता वाजवताच नाचतात, रांगा करतात, उड्या घेतात. वाजवण्याआधी पेंढ्याच्या जाळावर चामडं शेकतात, मग तो कडक आवाज निघतो. पहिल्यांदा ते शेकताना पाहिलं आणि मला कोल्हापूरच्या कुस्तीच्या मैदानातली हलगी आठवली. तोच जाळ, तसाच कडकडाट. मैदानाच्या जाहिरातीवर पैलवानांची नावं छापतात, हलगीवाल्याचं नाव मी कधी छापलेलं पाहिलं नाही.

परै हे तमिळनाडूत दलितांच्या माथी मारलेलं काम. गावात कुणी गेलं की वस्तीतल्या वादकांना बोलावणं जायचं. पुढे वाजवत चालायचं, वर थोडे पैसे आणि दारू. म्हणूनच त्या समाजात परै हातात धरायलाच नकार देणारेही आहेत आणि परै हेच आपल्या मानाचं निशाण करणारेही आहेत. दोघांचंही मला पटतं. आमच्या गावच्या वस्तीत एक उत्तम वादक होते, त्यांचा मुलगा पाचवीत. तालीम घेणाऱ्या सगळ्यांनी न बोलता गृहीत धरलं होतं की बाप शिकवेल आणि मुलगा पहिल्या रांगेत वाजवेल.

मी आणि एक स्वयंसेविका त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आम्हाला बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिल्या, स्वतः उंबऱ्यावर बसले. म्हणाले, ‘टीचरम्मा, माझ्या बापाने हे वाजवलं, मी वाजवतो. रात्री-अपरात्री कुणी गेलं की हाक येते आणि मला उठावं लागतं. पोराच्या हातात मला हे द्यायचं नाही. तो हे सोडून पुढे जावा म्हणून तर त्याला तुमच्याकडे पाठवतो.’

परै किती जुनं आहे हे मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना नंतर सांगून पाहिलं. तोल्काप्पियममध्ये तमिळ भूमीच्या प्रत्येक प्रदेशाचं आपापलं परै सांगितलं आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. प्राचीनतेचं कौतुक ऐकून त्यांचं रात्रीचं बोलावणं थांबणार नव्हतं. कलेच्या थोरवीवर आम्ही स्वयंसेवक फार सहज बोलतो. ती कला वाहून नेताना ज्याचा खांदा सोलवटला, त्याला आपल्याकडून भाषण नको असतं.

आम्ही परै सोडून द्यायचं ठरवलं. काही दिवसांनी ते स्वतः संध्याकाळच्या वर्गावर आले. मुलं पाढे म्हणत होती, ती संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, ‘शिकवतो. पण सगळ्या आळ्यांची पोरं वाजवणार असतील तर. आमच्या वस्तीतल्यांनी वाजवायचं आणि बाकीच्यांनी बघायचं, तसं असेल तर नको. आणि माझा मुलगा वाजवणार नाही.’

माझ्या सगळ्या स्वयंसेवेत इतकी नेमकी अट मी दुसऱ्या कुणाकडून ऐकली नाही.

ती पाळणं सोपं गेलं नाही. दोन आळ्यांतल्या पालकांनी मुलांना तालमीला पाठवणं बंद केलं. एका आजीने नातवाला बजावलं, चामड्याला हात लावलास तर आंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही. तो मुलगा रोज तालीम संपली की शाळेच्या नळावर आंघोळ करून ओल्या अंगाने घरी जायचा, पण एकही तालीम त्याने चुकवली नाही. हे लिहितानाही मला त्रास होतो. शेतजमीन असलेल्या घरातल्या एका स्वयंसेविकेने पहिल्याच दिवशी स्वतःच्या मुलीच्या खांद्याला परै अडकवलं. त्यापायी तिच्या सासूने कितीतरी दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती वर्गावर यायची, शिकवायची, जायची. तक्रार करताना मी तिला पाहिलं नाही. मुख्याध्यापिका बाईंनी आणखी एक चांगलं केलं. तालीम रात्रीची काढून शुक्रवारच्या शेवटच्या तासाला ठेवली. शाळेच्या वेळापत्रकात ती लिहिलेली असल्यावर ‘पोरांचे रात्रीचे चाळे’ म्हणायची कुणाची सोय राहिली नाही.

मुलं त्या वादकांना ‘आसान’ म्हणायला लागली. कला शिकवणाऱ्या गुरूला तिथे आसान म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी काठ्या दिल्याच नाहीत. तोंडाने बोल म्हणायला लावले, मग मांडीवर हाताने, मग पाटीवर पेन्सिलीने. काठी हातात आली तोवर ताल अंगात मुरला होता. मुलगा चुकला तर ते त्याच्याकडे बघत नसत, त्याच्या शेजाऱ्याला जोरात वाजवायला सांगत. मी बऱ्याच शिक्षकांचे वर्ग पाहिले आहेत. चुकणाऱ्याला सगळ्यांसमोर उघडं न पाडता सुधारणारे त्यांत थोडेच होते.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आसानांच्या मानधनाचा ठराव झाला. रक्कम फार नव्हती, पण ठरावाच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘प्रशिक्षक’ असं लिहिलं गेलं आणि निमंत्रणपत्रिकेवरही तसंच छापलं. कार्यक्रमाच्या दिवशी ते पाहुण्यांच्या रांगेत खुर्चीवर बसले आणि पंचायत अध्यक्षांनी त्यांना शाल पांघरली. कोपऱ्यात पेंढ्याचा जाळ करून परै शेकली. मुलं रांगेने आली, मध्ये चार स्वयंसेविकाही होत्या, खांद्याला परै, कमरेला पदर खोचलेला. वाजवणं अचूक नव्हतं. मधल्या एका बदलाला अर्धी रांग डावीकडे गेली, अर्धी उजवीकडे, आणि शिट्ट्या पडल्या त्या त्याच वेळी. काही पुरुष कुंपणापाशी उभे होते, ते परै सुरू होताच निघून गेले. गाव एका संध्याकाळीत बदललं, असं सांगणं खोटं होईल.

आसानांचा मुलगा ओयिलाट्टममध्ये होता. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, दोन्ही हातांत रुमाल. बापाने परैवाल्या मुलांकडे पाहिलं ते गुरूच्या नजरेने. स्वतःच्या मुलाकडे मात्र साध्या बापासारखं, तोंडभर हसत.

पुढच्या काळात चेन्नईच्या कंपन्यांतली तरुण मुलं-मुली सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून शाळेत यायला लागली. भिंती रंगवायची, पुस्तकं द्यायची, कार्यक्रमात कुम्मीच्या गोलात शिरायची. त्यांचं येणं मुलांना आवडायचं, मलाही. त्यांना माझं एकच सांगणं असे, कार्यक्रमाला नका येऊ, तालमीला या. कार्यक्रमात गोलात शिरलं की फोटो निघतो. तालमीला बसलं की पाट्टी तुम्हाला चारदा पहिल्यापासून करायला लावतात, तुमचं चुकतं, आठ वर्षांची मुलगी तुमचा हात धरून दुरुस्त करते. त्या मुलीला आपण मोठ्या माणसाला काही शिकवू शकतो हे कळतं. काही जण खरंच येत राहिले. एक जण तर शनिवारची रात्र पाट्टींच्या ओसरीवर काढून रविवारी परतायचा.

2022 पासून तमिळनाडूच्या सरकारी शाळांत ‘कलै तिरुविळा’ हा कला महोत्सव सुरू झाला आणि लोकनृत्यांना शाळाशाळांत मागणी आली. कोईम्बतूरच्या बद्रप्पन यांनी ‘वल्ली ओयिल कुम्मी’ हा कुम्मीचा प्रकार बायकांना शिकवला. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2025 मध्ये मदुरैचे परैवादक वेलू आसान यांनाही मिळाली. त्या दिवशी आमच्या आसानांनी वर्तमानपत्रातलं वेलू आसानांचं छायाचित्र कापून शाळेच्या फलकावर लावलं. रात्रीची बोलावणी त्यांना अजूनही येतात. आता ते कधी जातात, कधी नाही म्हणतात.

मी आता महाराष्ट्रात परतले आहे. इथेही स्नेहसंमेलनात लेझीम असते, हलगी असते, पोतराज असतो, गोंधळी असतो. शाळांत काम करणाऱ्या माझ्या मराठी स्वयंसेवक मित्रमैत्रिणींना एवढंच मागते. यंदा जी कला मंचावर आणणार असाल, तिच्या कलाकाराच्या घरी आधी जा. मुलांना तोच शिकवेल असं बघा, मानधन शिक्षकांच्या बैठकीत ठरवून कागदावर आणा, पत्रिकेवर त्याचं नाव छापा. काठ्या सगळ्या आळ्यांच्या पोरांच्या हातात द्या. आणि तो म्हणाला की माझ्या पोराने हे करायला नको, तर त्याला समजावत बसू नका. त्याच्या पोराला जो नाच आवडतो त्यात घ्या.